हिमालयाची वाट आणि रजेचा अर्ज

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाचे चार तरुण आमच्याकडे आले आणि त्यांनीं एक कागद आमच्यापुढें ठेविला. नेपाळांतील अन्नपूर्णा पर्वतसमूहास प्रदक्षिणा घालणारी जी प्रसिद्ध वाट आहे, त्या वाटेनें जाऊन ५४१६ मीटर उंचीची थोरोंग खिंड ओलांडावयाची, असा त्यांचा बेत होता. कागद मोठ्या कसोशीनें तयार केलेला होता. बूट कोणते, लोकरीचे मोजे किती जोड, विजेऱ्या किती, सुक्या मेव्याचें वजन किती, इतकेंच नव्हे तर खिंडीच्या माथ्यावर फडकवावयाचा ध्वज किती हात लांब असावा, याचाही त्यांत निर्देश होता. एकंदर त्रेसष्ट बाबी आम्हीं मोजल्या. कागदाच्या अगदीं तळाशीं दिवसांचा हिशेब होता : पुण्याहून निघून पुण्यास परत, नऊ दिवस. आम्हीं विचारलें, "दहावा दिवस कोठें आहे ?" त्यांतील एकानें सरळ उत्तर दिलें, "सर, रजा नऊच दिवसांची आहे."

हें उत्तर प्रामाणिक होतें, म्हणूनच तें आमच्या मनांत घर करून राहिलें. हल्लीं हिमालयाच्या वाटेला लागणाऱ्या आमच्या शेंकडों सुशिक्षित तरुणांची, आणि त्यांना तेथें घेऊन जाण्याचा व्यवसाय करणाऱ्या संयोजकांची विचारसरणीच या उत्तरांत सांठलेली आहे. आधीं रजा ठरते, रजेवरून दिवस ठरतात, आणि मग त्या दिवसांत पर्वताला कसें बसवावें याचा खल सुरू होतो. आमचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. उंच हिमालयांतील दीर्घ पदयात्रेची पहिली सामग्री म्हणजे दिवस. ज्या योजनेंत एकही दिवस शिलकी नाहीं ती योजनाच नव्हे. तो जुगार आहे, आणि त्यांत पणाला लागलेला जीव पुष्कळदां खेळणाराचा नसून दुसऱ्याचाच असतो.

प्रथम शरीराची गोष्ट पाहूं. समुद्रसपाटीस हवेचा जो दाब असतो, त्याच्या सुमारें निम्माच दाब ५५०० मीटरवर असतो. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण तेंच राहतें. पण दाबच निम्मा झाल्यामुळें प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायु निम्म्यावर येतो. या तुटीशीं शरीर जुळवून घेऊं शकतें. तें श्वासाची गति वाढवितें, रक्तांतील आम्ल आणि क्षार यांचा तोल बदलतें, पुढें पुढें रक्तांतील तांबड्या पेशीही वाढवितें. पण हें सारें काम तें आपल्या सवडीनें करतें. त्याला दटावून किंवा लालूच दाखवून तें लवकर उरकून घेतां येत नाहीं. म्हणूनच वैद्यकानें एक साधा नियम घालून दिला आहे : ३००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षां ५०० मीटरहून अधिक उंच असूं नये, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस आहे त्याच उंचीवर काढावा.

आतां त्या कागदाकडे पाहा. पहिली रात्र काठमांडूस, १४०० मीटरवर. दुसरी चामे येथें, २६७० मीटरवर. तिसरी मनांग येथें, ३५४० मीटरवर. चौथी याक खर्क येथें, ४००० मीटरच्या वर. पांचवी थोरोंग फेदी येथें, सुमारें ४५०० मीटरवर. आणि सहाव्या दिवशीं खिंड. पूर्वीं ही वाट बेसीसहरपासून, म्हणजे अवघ्या ७६० मीटरपासून, पायीं चालावी लागे, आणि मनांग गांठण्यास आठवडाभर लागे. तो आठवडा वाया जात नसे. भाताचीं खाचरें, पाइनचीं रानें, मग उघडे डोंगर असें देशाचें रूप पालटत असतां प्रवाशाचें शरीरही नकळत पालटत असे. आतां जीप मनांगपर्यंत जाते, आणि जीपनें वांचविलेला तो आठवडा आम्ही निव्वळ नफा म्हणून खात्यावर जमा करतों ! मनांगांत एक-दोन दिवस थांबण्याचा जुना प्रघात आहे. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे डॉक्टर हंगामांत तेथें प्रवाशांना उंचीच्या आजारावर व्याख्यान देतात. आमच्या तरुणांच्या योजनेंत तें व्याख्यान ऐकण्यापुरतीही फुरसत नव्हती.

या बाबतींत अज्ञानाची सबब आपणांस तरी सांगतां येणार नाहीं. १९६२ च्या चीन-युद्धाच्या वेळीं भारतीय सैनिकांस सपाट प्रदेशांतून घाईनें उंच सरहद्दीवर न्यावें लागलें. तेथें जें घडलें त्यावरून इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी या लष्करी डॉक्टरांनीं १९२५ सैनिकांच्या आजाराचा अभ्यास १९६९ सालीं प्रसिद्ध केला. साऱ्या जगानें तो आदरानें वाचला. आज आपलें लष्कर धडधाकट जवानालाही २७०० ते ३६०० मीटरच्या टप्प्यावर सहा दिवस, पुढें ४५०० मीटरपर्यंत चार दिवस, आणि त्याहून वर आणखी चार दिवस सरावासाठीं देतें. एकूण चौदा दिवस. लष्कराला तेथें राहून काम करावयाचें असतें, प्रवाशाला केवळ ओलांडून जावयाचें असतें, हा भेद आम्हांस मान्य आहे. पण चौदांच्या जागीं चार दिवस, हा कांहीं त्या भेदाचा हिशेब नव्हे. तो रजेचा हिशेब आहे.

यावर नेहमींचे आक्षेप येतात. पहिला असा कीं, "आम्ही दर रविवारीं गड चढतों, आमचा दम पक्का आहे." सह्याद्रीवर आमचें प्रेम कोणाहून उणें नाहीं, पण सह्याद्रीचें सर्वोच्च शिखर कळसूबाई तें १६४६ मीटरचें. तेथें पायांची परीक्षा होते, उंचीची होत नाहीं. दम पक्का असलेला मनुष्य उंचीच्या आजारापासून सुरक्षित असतो असें मुळींच नाहीं. उलट त्याचे पाय त्याला इतक्या वेगानें वर नेतात कीं, शरीर मागें राहून जातें. १९७६ सालीं हॅकेट, रेनी आणि लेव्हिन यांनीं एव्हरेस्टच्या वाटेवरील फेरिचे येथें, ४२४३ मीटरवर, २७८ पदयात्रींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना हा आजार जडलेला आढळला. आणि विमानानें लुक्ल्यास उतरून आलेल्यांत त्याचें प्रमाण पायीं चालत आलेल्यांपेक्षां अधिक होतें.

दुसरा आक्षेप गोळीचा. अॅसिटाझोलामाइड नांवाचें औषध आहे, तें गुणकारी आहे, आणि डॉक्टरच्या सल्ल्यानें तें घेण्यास आमची हरकत नाहीं. पण तें शरीराच्या सरावास मदत करतें, सरावाची जागा घेत नाहीं. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळला, तर मदतीला आलेल्या माणसालाच सारें ओझें देऊन आपण मोकळे झाल्यासारखें होईल. डोकें दुखूं लागलें, अन्नावरची वासना गेली, ओकाऱ्या झाल्या, तर आणखी वर जावयाचें नाहीं. दुखणें वाढलें तर खालीं उतरावयाचें. याला दुसरा खरा उपाय नाहीं. फुप्फुसांत पाणी झालें किंवा मेंदूस सूज आली, तर कांहीं तासांतच माणूस हातचा जातो. आणि शिलकी दिवस नसलेला प्रवासी आपली डोकेदुखी लपवितो, हें आम्हीं निराळें सांगावयास पाहिजे काय ?

तिसरा आक्षेप पौरुषाचा : "इतका विचार करीत बसल्यास साहस तें काय राहिलें ?" ज्यांच्या साहसाविषयीं कोणी शंका घेणार नाहीं, त्यांनींच याचें उत्तर देऊन ठेविलें आहे. १९५३ सालीं जॉन हंट यांची तुकडी मार्चमध्यें काठमांडूच्या खोऱ्यांतून पायीं निघाली. थ्यांगबोचेच्या मठापर्यंत चालण्यांत तिचे सुमारें अडीच आठवडे गेले. आणि त्यानंतर सुमारें तीन आठवडे तिनें आसपासच्या उंच जागीं चढून-उतरून हवेशीं सरावण्यांत घालविले. २९ मे रोजीं तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी शिखरावर उभे राहिले. जगांतील सर्वांत उंच शिखरावर जाणाऱ्यांना थांबण्याची लाज वाटली नाहीं. ती आमच्या गुडघ्याला बाशिंग बांधून निघालेल्या नवरदेवांना वाटते!

आतां आम्ही या विषयाच्या मर्माकडे येतों. घाईचें मोल घाई करणारानेंच भरलें असतें, तर आम्हीं ही लेखणी उचलली नसती. पण या वाटेवर आपलें ओझें दुसऱ्याच्या पाठीवर असतें. ७ जून १९२२ रोजीं एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीखालीं हिमलोट कोसळून सात भारवाही मृत्यु पावले. त्या तुकडींतील एकही साहेब दगावला नाहीं. शंभर वर्षांत साहेब गेले आणि त्यांच्या जागीं आम्ही आलों, पण ओझें वाहणारी पाठ बदलली नाहीं. "हे लोक पहाडी, यांना उंची बाधत नाहीं," असें आमच्यांतील शिकलेले लोकही खुशाल म्हणतात. हें असत्य आहे. नेपाळांतील पुष्कळसे भरिये खालच्या खोऱ्यांतील शेतकरी असतात. चार हजार मीटरची उंची त्यांना आपल्याइतकीच परकी असते. त्यांतून त्यांच्या पाठीवर भार असतो आणि अंगावर अपुरे कपडे असतात. १९९७ सालीं असा एक तरुण भरिया उंचीच्या आजारानें पडला असतां मजुरी हातीं देऊन त्याला एकट्यालाच खालीं धाडण्यांत आलें, आणि तो मेला. त्यानंतर भारवाह्यांच्या रक्षणासाठीं इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप ही संस्था निघाली. ३० किलोंहून अधिक ओझें देऊं नये. बूट, गरम कपडे आणि रात्रीचा निवारा द्यावा. आजारी भरियास एकट्यास परत पाठवूं नये. इतक्याच तिच्या मागण्या आहेत. त्या चार तरुणांच्या त्रेसष्ट बाबींत दोन भरियांच्या मजुरीचा आंकडा होता. त्यांच्या बुटांचा, कपड्यांचा, विम्याचा एका अक्षरानेंही उल्लेख नव्हता. ध्वजाची लांबी मात्र होती.

आणि हवामान ? १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला लागलें. दोन दिवसांनीं, १४ तारखेस, त्याच्याच उरलेल्या जोरानें थोरोंग खिंडीच्या परिसरांत भयंकर हिमवर्षाव झाला, आणि त्या आपत्तींत चाळीसांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत परदेशी प्रवासी होते, तसेच नेपाळी वाटाडे, भरिये आणि याक राखणारे गुराखीही होते. त्या संकटाचा सारा दोष प्रवाशांवर टाकणें अन्यायाचें होईल. वादळाची पूर्वसूचना वाटेवरील अनेकांपर्यंत पोंचलीच नव्हती. पण त्यापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऑक्टोबर हा या वाटेचा सर्वांत भरंवशाचा महिना मानला जातो, आणि त्याच महिन्यांत हें घडलें. पहांटे आकाश गढूळ दिसलें असतां फेदीच्या लॉजमध्यें पांघरूण घेऊन पडून राहणें ज्याला परवडतें, त्याचीच योजना खरी. ज्याचें विमान परवा आहे, तो आकाशाकडे पाहणार नाहीं. तो घड्याळाकडे पाहील.

"पण आम्हांला रजा मिळत नाहीं, आम्हीं करावें काय ?" हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो, आणि त्याची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं. चाकरी करणाराची रजा तोकडीच असते. पण त्याचें उत्तर डोंगर तोच ठेवून दिवस कापणें हें नव्हे. दिवस तेवढेच ठेवून डोंगर लहान करणें हें आहे. नऊ दिवसांत मनांगपर्यंत जाऊन, तेथें दोन रात्री राहून, गंगापूर्णेची हिमनदी डोळे भरून पाहून परत येतां येतें. ३००० मीटरच्या खालीं हिमालयांत जन्मभर पुरतील इतक्या वाटा आहेत. खिंड ओलांडल्याशिवाय हिमालय पाहिल्याचें समाधान होत नाहीं असें जो म्हणतो, त्याला हिमालय पाहावयाचा नसून लोकांना सांगावयाचा आहे. पलीकडील मुक्तिनाथास पूर्वीं जे यात्रेकरू जात, त्यांचे हाल आम्ही विसरलों नाहीं, आणि त्या काळाचे गोडवे आम्हांस गावयाचे नाहींत. पण परत येण्याची तारीख घरीं लिहून ठेवून ते निघत नसत, एवढें शहाणपण त्यांच्यापाशीं होतें.

म्हणून आमच्या मतें योजनेचा कागद उलट्या क्रमानें लिहावा. आरंभीं मुक्कामांची उंची, विश्रांतीचे दिवस, आणि त्यांवर किमान दोन दिवस शिलकी. मग परत फिरण्याच्या अटी, निघण्यापूर्वीं, सर्वांच्या सह्यांनिशीं : अमुक लक्षण दिसल्यास, अमुक वाजेपर्यंत माथा न आल्यास, वाटाड्यानें 'परत' म्हटल्यास, वाद न घालतां परत. वाटाड्याची पूर्ण मजुरी खिंड ओलांडली न ओलांडली तरी त्यास मिळेल, हें त्याला पहिल्याच दिवशीं सांगावें. नाहींतर ज्याची रोजी आपल्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्याकडून स्पष्ट नकाराची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? त्यानंतर भरियांचे बूट, कपडे आणि विमा. आणि हें सारें झाल्यावर, जागा उरल्यास, ध्वज.

आम्हीं हें सारें त्या चौघांस सांगितलें. दोघे ऐकत होते, एक हंसला, आणि चौथ्यानें विचारलें, "सर, मग यंदा जाऊंच नये काय ?" आम्हीं म्हटलें, "अवश्य जावें, मनांगपर्यंत." त्यांनीं कागदाची घडी घातली आणि ते निघून गेले. ते काय करतील हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु असे कागद आज घरोघरीं तयार होत आहेत. अशा घरांतील वडील माणसांनीं, त्यांच्या रजेच्या अर्जांवर सही करणाऱ्या वरिष्ठांनीं, आणि अशा स्वाऱ्यांचीं प्रशस्तिपर वर्णनें छापणाऱ्या आमच्या संपादकबंधूंनीं प्रत्येकास एवढाच प्रश्न विचारावा कीं, शिलकी दिवस किती, आणि ओझें कोणाच्या पाठीवर ?