थीटाच्या जागी तीस ठेवा!

गेले आठ दिवस घरात जरा धुसफूस चालू आहे आणि कारण मी आहे. म्हटलं, माझी बाजू एकदा इथे लिहूनच टाकावी.

नातू बारावीला आहे. सीईटीच्या गणिताची तयारी जोरात. परवा तो सोडवत होता, मी शेजारी मेथी निवडत बसले होते. प्रश्न असा: १ वजा टॅन वर्ग थीटा, भागिले १ अधिक टॅन वर्ग थीटा, बरोबर काय? पर्याय चार: दोन थीटाचा साइन, कॉस, टॅन किंवा सेक. पठ्ठ्याने थीटाच्या जागी ३० अंश ठेवले, उत्तर आलं अर्धा. कॉस ६० म्हणजे अर्धा. झालं! मी म्हटलं, "छान. पण असं का येतं रे?" तर म्हणतो, "आजी, 'का' विचारत नाहीत."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

मी मराठीची बी.ए. पण गणिताचे सर बदलून गेले आणि आठवी-नववीचं गणित माझ्या गळ्यात पडलं, ते सात वर्षं. (रात्री गाइड वाचून सकाळी शिकवायचे, आता सांगायला काय हरकत आहे!) तेव्हा उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब दिसल्या की मी समजायचे, शेजारच्याच्या वहीतून आलंय. आता तेच शिकवायचे क्लासवाले पैसे घेतात, आणि त्याला ट्रिक म्हणतात.

त्याच्याच पुस्तकात मी शोधलं. दोन ओळींचं काम आहे हो! वर-खाली कॉस वर्गाने गुणायचं. खाली कॉस वर्ग अधिक साइन वर्ग, म्हणजे १. वर कॉस वर्ग वजा साइन वर्ग, तोच कॉस दोन थीटा.

लेक म्हणाला, "आई, ५० प्रश्न, ९० मिनिटं. कर भागाकार." केला. प्रश्नाला १०८ सेकंद. वेग हवाच, मान्य. पण ज्याला या दोन ओळी येतात त्याला १०८ सेकंद पुरून उरतात.

मग मी त्याला एक हिशेब घातला. प्रश्नाला २ गुण, पर्याय चार, चुकलं तर गुण कापत नाहीत. डोळे मिटून ठोकत गेलं तरी सरासरीने १०० पैकी २५ पडतात. तो म्हणाला, पर्सेंटाइलमध्ये त्याचा कुणाला फायदा नाही. खरं आहे. पण मी क्रमांकाचं बोलतच नाहीये, पोराला गणित आलं का, हे विचारतेय. बोर्डाच्या पेपरात 'सिद्ध करा' म्हटलं की तिथे तीस अंश ठेवून भागत नाही.

पण बोर्डाला विचारतो कोण? इंजिनिअरिंगला बारावीचे गुण पात्रतेपुरते, खुल्या गटाला ४५ टक्के. म्हणून दोन वर्षं कॉलेजात पाऊल टाकायचं नाही, हजेरी कागदावर, आणि आईबाप हे सगळं जाणून फी भरणार. मुलांना मी दोष देत नाही. आपण मोठ्यांनी त्यांना हे शिकवलं.

असो. सध्या तह झालाय. रोज दहा प्रश्न आधी वहीत पायऱ्यांनी, मग तीस अंश ठेवून खुशाल ताळा बघ. काल सहाच झाले. सातव्याला स्वारी म्हणाली, "आजी, हे तुलाही येणार नाही." आलं नाही. आज दुपारी पुन्हा बसणार आहोत.