टाच दुखते, दादा? मावळे आठवा!

टाचेमागची कंडरा दुखावल्यावर सह्याद्रीत परत जायचं म्हटलं की पहिला अडथळा डोंगराचा नसतो, ट्रेक लीडरचा असतो. छातीवर शिट्टी, पायात महागडे बूट आणि तोंडात अखंड मावळे. मी लंगडतोय हे दिसताच स्वारी वीरश्रीने मुसमुसून म्हणाली, ‘दादा, मावळे अनवाणी चढायचे!’

चढत असतील की! पण रोज चढायचे. पाच दिवस हिंजवडीत खुर्ची तापवून शनिवारी रात्री कात्रज ते सिंहगड करायला निघत नव्हते. शरीरातली सर्वांत जाड कंडरा ही, पण तिला इतिहासात काडीचा रस नाही. परवापर्यंत किती भार होता आणि आज एकदम किती टाकलात, एवढंच ती बघते.

दुसऱ्या बाजूला आमचं नातेवाईक मंडळ. त्यांचा उपचार एकच: कोमट तेल लावा आणि पडून राहा. पडून राहिलं की दुखत नाही, हे खरंच. गाडी गॅरेजमध्ये ठेवली की पंक्चरही होत नाही.

या गलक्यात मला आवडतो तो स्वीडनचा हाडांचा डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन. त्याची स्वतःचीच टाच दुखायची. त्याने शस्त्रक्रिया मागितली, त्याच्या साहेबांनी नकार दिला. मग म्हणतात, पठ्ठ्याने ठरवलं की कंडरेची अशी वाट लावायची, की साहेबांना सुरी उचलावीच लागेल. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाच सावकाश खाली सोडायची, दुखलं तरी सोडायची. आणि मेली चक्क बरी झाली! 1998 साली त्याने 15 हौशी खेळाडूंवरचा शोधनिबंध छापला: गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, रोज एकूण 180 वेळा, 12 आठवडे.

आता सांगा, आमचा लीडर यात ड्रोन कुठे उडवणार? जिन्यात उभ्या माणसाच्या टाचेवर ‘जय भवानी’ कोण म्हणणार?

2007 मध्ये स्वीडनमधल्याच एका अभ्यासात दिसलं, की दुखणं दहापैकी पाचच्या आत असेल आणि सकाळपर्यंत शांत होत असेल, तर व्यायामासोबत धावणं-उड्या मारणं चालू ठेवलं तरी बिघडत नाही. आमच्या लीडरचं परिमाण याहून सुटसुटीत. रडतोयस? नाही ना? मग चल.

वर सल्ला काय, तर ‘उतरताना जपा’. अहो, उतारावर गुडघे बोंबलतात! ही कंडरा ताणली जाते खड्या चढावर, पाऊल तिरपं पडून टाच खाली राहिली की. म्हणून मी लोहगड सुचवला. पायऱ्या आहेत, अख्खं पाऊल टेकतं. त्यावर तुच्छतेचा एक दीर्घ निःश्वास. ‘लोहगड? पिकनिक स्पॉट आहे तो. आपण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करू.’ म्हणजे दुखऱ्या टाचेला दगडधोंड्यांची उभी घळ!

आणि इतकं सगळं बंधुत्व उधळून झाल्यावर हळूच एक फॉर्म पुढे आला. ‘इजा झाल्यास सर्वस्वी जबाबदारी सहभागी व्यक्तीची.’ तानाजी मालुसऱ्यांकडून असा फॉर्म कुणी भरून घेतला होता म्हणे? मी सही केली नाही, पैसे परत मागितले. वीरश्री ओसरली, आवाज एकदम बँकेतल्या खिडकीसारखा झाला: ‘सर, रिफंड मिळत नाही.’