मलम नंतर, चौकशी आधी

उन्हाळा तापू लागला की आमच्या बोईसरच्या दवाखान्यात खाज, पुरळ आणि चट्टे घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. कारण विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणतो 'पाणी लागलं', कोणी म्हणतो 'रक्त बिघडलं', आणि औद्योगिक वसाहतीत राहणारा हमखास म्हणतो, 'कंपनीचा धूर, दुसरं काय!'

धुराची तक्रार खोटी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर हे देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. तरीही माझा अनुभव असा, की हातावर किंवा मानेवर उठलेल्या चट्ट्याचे कारण बहुधा हवेपेक्षा जवळ असते. ते आपल्या हातात, कपाळावर नाहीतर मनगटावर असते. आपण ते शोधत नाही, एवढेच.

ही चूक मीही केली आहे. रंगाच्या कारखान्यातला एक तरुण कामगार दोन्ही हातांना इसब झाले म्हणून आला. मी मलम दिले. बरे वाटले, पुन्हा उठले, मी पुन्हा तेच मलम दिले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गावी तीन आठवडे होतो तेव्हा हात लख्ख होते. कामावर आलो आणि दोन दिवसांत परत सुरू." तेव्हा कुठे मी हात नीट निरखून पाहिले. लाली मनगटाच्या वर एका रेषेत थांबली होती, नेमकी हातमोज्याची कड येते तिथे. मी रंगाला दोष देत होतो. मुंबईला पॅच टेस्ट झाली आणि रबरातील रसायनाचे वावडे निघाले. आतून सुती आणि वरून पीव्हीसीचे मोजे वापरू लागल्यावर त्याचे हात सुधारले. जे संरक्षणासाठी घातले, तेच बाधत होते.

इथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली, स्पर्शाची ॲलर्जी लगेच उठत नाही. बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते, म्हणून सोमवारी हाताळलेल्या वस्तूचा संशय बुधवारी येत नाही. दुसरी, 'दहा वर्षे हेच वापरतोय, आजच कसे बाधेल?' हा प्रश्न चुकीचा आहे. शरीराला एखाद्या पदार्थाचे वावडे वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही जडू शकते, आणि एकदा जडले की सहसा जात नाही.

पुरळ कुठे उठले, यावरूनच अर्धे निदान होते. कानाच्या पाळीला, गळ्याला किंवा बेंबीखाली चट्टा असेल, तर खोट्या दागिन्यांतले आणि पट्ट्याच्या बक्कलमधले निकेल तपासावे. घामाने ते सुटते आणि त्वचेत उतरते. कपाळावर गोल डाग असेल तर टिकलीचा डिंक तपासावा. केस काळे केल्यावर कपाळ, कान आणि पापण्या सुजल्या तर केसांचा रंग पाहावा. झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'तही बहुधा तोच रासायनिक रंग मिसळलेला असतो. गवंड्याच्या हाताला सिमेंटमधील क्रोमियम बाधते. शेतावर जाणाऱ्याचा चेहरा, मान आणि कोपरांचे खळगे खाजत असतील, तर बांधावरचे गाजरगवत आठवावे. बिबा उतल्याचे फोड तर आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायलाच नकोत.

प्रत्येक खाज मात्र ॲलर्जीची नसते. सोडा, साबण आणि पाण्यात सतत हात असणाऱ्या बाईची किंवा सातपाटीला कोळंबी सोलणाऱ्या ताईची बोटे बहुधा नुसत्या ओलीने आणि घासण्याने फुटतात. घरातले सगळेच रात्री खाजवत असतील तर ती खरूज समजावी आणि साऱ्या घराने एकदम उपचार घ्यावेत. कडेने पसरणारे गोल चकंदळ बहुधा नायटा असतो.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. या सगळ्यांवर आपल्याकडे औषध एकच, मेडिकलमधून आणलेली ट्यूब! तिच्यात बहुधा कडक स्टेरॉईड असते. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण नायटा आतून पसरत राहतो, त्वचा पातळ होते आणि मूळ कारण झाकले जाते. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. पण गिऱ्हाईकच नाव सांगून ट्यूब मागते, तिथे नियम काय करणार?

कामगारबंधूंना वेगळे सांगायचे आहे. हाताचा रंग घालवायला रॉकेल, थिनर किंवा ब्लीचिंग पावडर वापरू नका. साध्या साबणाने हात धुवा, कोरडे करा आणि खोबरेल लावा. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवू नका. रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंद करण्याजोगा आजार होता, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही तो आहे. तो कळवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची तशी आम्हा डॉक्टरांचीही. आम्ही ट्यूब लिहून देतो आणि कामगार नोकरी जाईल म्हणून गप्प राहतो. मग नोंद होत नाही आणि पुढच्या पाळीतला कामगार तेच मोजे घालतो.

तेव्हा खाज सुटली की आधी वहीत लिहा, मागच्या तीन दिवसांत कशाला हात लावला, अंगावर काय नवे घातले, सुटीत बरे वाटले का. संशयित वस्तू तीन आठवडे दूर ठेवून पाहा. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास कोंडला तर मात्र वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा.

आणि डॉक्टरांनी काहीच न विचारता चिठ्ठी लिहायला घेतली, तर त्यांना थांबवून म्हणा, "आधी हात तरी बघा." मला कोणीतरी ते पहिल्याच वेळी म्हणायला हवे होते.