कबुली कोणाच्या शब्दांत?



‘गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल केला, मग आता अपील कसले?’ असा जाब गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाने विचारला. त्या गृहस्थांनी कुठल्याही कोर्टाच्या व्हरांड्यात एक सकाळ काढली असती, तर तो इतक्या ठसक्यात विचारला नसता.

जुगार, दारू, किरकोळ मारामारी, असली प्रकरणे. पाळी बुडवून आलेला सोलापूरच्या पूर्वभागातला यंत्रमाग कामगार भिंतीला टेकून उभा असतो. कोणीतरी कानाशी लागते, ‘कबूल करून टाक, दंड भर अन् मोकळा हो. नाहीतर बस तारखा मोजत.’ पुकारा होतो, तो मान डोलावतो, कागदावर ‘गुन्हा कबूल’ उमटते, खाली सही. घरी तेलुगू बोलणारा हा माणूस नेमके काय म्हणाला, ते त्या कागदावर नसतेच. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी झाली की कळते, दंड भरून सुटका झाली नव्हती, गुन्हेगार म्हणून नोंद झाली होती.

कबुली मागे घ्यायला गेला, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१६ (जुने ३७५) आडवे येते. अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर का, एवढ्यापुरते. पण याच संहितेचे कलम २७५ बजावते, की समन्स खटल्यात कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावी. आरोपीच्याच शब्दांत! महंत कौशल्यादास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच, तेव्हाच्या संहितेतली हीच अट बंधनकारक ठरवली. ४१६ सगळ्यांना पाठ, २७५ कोणाला आठवत नाही.

२६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबने २० जुलै २००९ रोजी भर कोर्टात कबुली दिली. न्या. तहलियानी यांनी ती नोंदवली, पण खटला तिथे आटोपला नाही. साक्षीपुरावे चालू राहिले. डिसेंबरमध्ये त्याने कबुली फिरवली, तेही ऐकून घेतले गेले. फाशी झाली ती पुरावा तपासून. कसाबला मिळाले तेवढे ऐकून घेणे यंत्रमाग कामगाराला का मिळू नये?

सौम्य शिक्षेचे आमिष दाखवून कबुली घ्यायची आणि अपिलात शिक्षा वाढवायची, हे तिप्पस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या २१ व्या कलमाविरुद्ध ठरवले. अशा वेळी दोषसिद्धी रद्द करून आरोपीला नव्याने बचाव करू द्यावा, असेही सांगितले. तरीही ‘एकदा कबूल म्हणजे कायमचे कबूल’ हा हट्ट सुटत नाही.

अपिलाऐवजी पुनरीक्षण अर्ज केला आणि सत्र न्यायालयाने तो फेटाळला, तर पुढचा दरवाजा उच्च न्यायालयाचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, सोलापूरकरांची मुंबईवारी टळली, म्हणून पेढे वाटले गेले. वाटावेत. पण दोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास, वकिलाची फी आणि बुडालेल्या पाळ्या यांचा हिशेब मूळ दंडाच्या कितीतरी पट होतो. त्यापेक्षा खालच्या कोर्टातच दुभाषा आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील शेजारी उभा करून आरोपीचे एक वाक्य नीट लिहून घ्यायला किती वेळ लागेल?

— एक वाचक, सोलापूर