चेटकिणीचें घर

“चेटकिणींच्या गोष्टी वाचण्याचें तुमचें वय राहिलें काय?” असा प्रश्न आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं परवां नांदेडास आम्हांस केला. निमित्त एका इंग्रजी कादंबरीचें. मूळच्या कर्नाटकांतील व आतां इंग्लंडांत राहणाऱ्या संगू मंदण्णा यांची ‘द व्हेरी सिक्रेट सोसायटी ऑफ इर्रेग्युलर विचेस’ ही २०२२ सालीं निघालेली कादंबरी एका विद्यार्थिनीनें आम्हांस वाचावयास दिली होती. स्नेह्यांचे आक्षेप दोन. ज्या महाराष्ट्रानें जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तेथील सुशिक्षित मुलींनीं असलें कांहीं वाचणें म्हणजे अंधश्रद्धेस मागील दारानें घरांत घेणें, हा पहिला. असलीं पुस्तकें वाचकाला कुरवाळणारीं, त्यांना वाङ्मय म्हणूं नये, हा दुसरा. हे आक्षेप आज पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येतात; म्हणून त्यांचा समाचार घेणें अवश्य आहे.

प्रथम कायद्याविषयीं. २०१३ चा तो कायदा स्नेह्यांनीं एकदां वाचला असता तर बरें झालें असतें. अमुक एक व्यक्ति करणी करते, मंत्रतंत्रानें जनावरांचें दूध आटविते, असें भासविणें हा त्यांत गुन्हा ठरविला आहे, व त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणजे कायद्याचा हा रोख चेटकिणीवर नसून शेजारणीला चेटकीण ठरविणाऱ्यावर आहे. असा आळ बहुधा कोणावर येतो? पाठीशीं कोणी नसलेल्या विधवेवर, नवऱ्यानें टाकलेलीवर, जिच्या नांवें जमिनीचा तुकडा आहे अशा म्हातारीवर. एकटेपणा हाच तिचा अपराध.

प्रस्तुत कादंबरी नेमकी याच एकटेपणाशीं झगडते. तिची नायिका मीका अनाथ आहे. चेटकिणींनीं एकत्र राहूं नये, एकमेकींचा लळा लावून घेऊं नये, असा नियम तिला लहानपणापासून पढविलेला. बरींच वर्षें तो पाळून, शेवटीं तीन लहान चेटकिणींना शिकविण्याच्या निमित्तानें ती एका घरांत येते आणि तो मोडते. हिला जर अंधश्रद्धा म्हणावयाचें, तर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकांतील चेटकीणही हद्दपार करावी लागेल. तिला तर आपण मुलाबाळांसह टाळ्या देत आलों!

आतां कुरवाळण्याविषयीं. आमच्या कादंबरीनें स्त्रीचें दुःख मांडण्यांत कसूर केलेली नाहीं. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’पासून ती विधवांचे हाल सांगत आली. हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मध्यें यमूजवळ दुर्गी ही मैत्रीणही आणली. परंतु या मैत्रिणींना एकमेकींपाशीं रडावयास मिळालें. एकत्र घर मांडावयास मिळालें नाहीं. त्या काळीं तें खोटें दिसलें असतें, हें आम्हांस मान्य आहे. आज तें खोटें नाहीं, आणि याचा दाखला आमच्याच लातुरानें दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त केलीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. पुढें घरांच्या दुरुस्तीचें काम निघालें तेव्हां महिला मंडळांतील बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. चावडीपुढून पदर ओढून जाणाऱ्या त्या बायका भिंत कशी बांधावी, मदत कोठें अडली, हें चारचौघांत विचारूं लागल्या. मोडल्या घरापाशीं दुसरीचा हात धरून पुनः उभें राहणें याला कोणी सुखासीनता म्हणेल काय?

या कादंबरीवर आमचा आक्षेप आहे तो निराळाच. इंग्लंडनें १७३५ च्या कायद्यानें चेटकिणींवरील खटले बंद केले. तेथें चेटकीण आतां परीकथेंतली झाली, म्हणून तिची गोष्ट इतकी गोड लिहितां येते. आमच्याकडे तो शब्द अजून माणसाच्या जिवावर उठतो. मराठींत ही गोष्ट लिहावयाची तर तो आळ, ती जमीन, ती बंद झालेली शेजारची दारें, सगळेंच तींत आलें पाहिजे. आणि तरीही शेवटीं दोघीतिघींचें घर उभें राहिलें पाहिजे. असें पुस्तक आम्ही आमच्या मुलींच्या हातीं अद्याप दिलेलें नाहीं. तोंवर त्यांच्या हातचें इंग्रजी पुस्तक काढून घेण्याचा अधिकार आम्हां प्राध्यापकांस कसा पोंचतो, एवढें स्नेह्यांनीं सांगावें.