बीजदानाचा कायदा आणि अपत्याचे कुलवृत्त

विवाहानंतर काही वर्षे अपत्य न झालेली दांपत्ये प्रथम गावातील वैद्याकडे येतात, हा खारेपाटातील जुना परिपाठ आहे. वडखळच्या नाक्यावर पेण, अलिबाग आणि नागोठणे-रोहा अशा तिन्ही दिशांचे रस्ते एकत्र येतात. त्यामुळे आम्हां येथील वैद्यांकडे अशा रुग्णांचा ओघ विशेष असतो. पंचकर्म, ऋतुशुद्धी, शुक्रदुष्टीची चिकित्सा यांनी अनेकांना गुण येतो. परंतु काहींच्या बाबतीत बीजच उपलब्ध नसते. ती दांपत्ये पनवेल किंवा मुंबई गाठतात आणि दात्याचे बीज घेऊन परततात. पुढे त्या अपत्याची प्रकृती पाहण्याचे काम पुन्हा आमच्याकडेच येते. म्हणून या विषयातील कायदा हा आपला विषय नव्हे, असे वैद्यवर्गाने मानू नये.

कृत्रिम गर्भधारणेचा इतिहास आपल्या राज्याला जवळचा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून परीक्षानलिका-बालिका जन्मास आली. त्यानंतर दीर्घकाळ हे क्षेत्र कायद्याविनाच वाढले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. २०१० साली मुंबईत अवघ्या सतरा वर्षांच्या मुलीचा अंडदानानंतर मृत्यू झाला आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. गरिबीमुळे बीज विकावयास येणाऱ्या स्त्रीचा वाली कोण, हा प्रश्न तेव्हा उघड झाला.

२५ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने या प्रश्नाचे बरेच उत्तर दिले आहे. स्त्रीदात्रीचे वय २३ ते ३५ वर्षे असावे, तिने आयुष्यात एकदाच अंडदान करावे, सातांहून अधिक अंडी काढू नयेत, तिच्यासाठी दांपत्याने बारा महिन्यांचा विमा उतरवावा, अशा तरतुदी त्यात आहेत. पुरुषदात्यास २१ ते ५५ ही वयोमर्यादा आहे. एका दात्याचे बीज एकाच दांपत्यास द्यावयाचे आहे. बीजाची विक्री हा दंडनीय अपराध ठरला आहे. जन्मणारे अपत्य कायद्याने त्या दांपत्याचेच; दात्याचा त्यावर हक्क नाही. पत्नीच्या बहिणीने अंडदान केलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२४ मध्ये, २००५ च्या तत्त्वांच्या आधारे, हाच निर्वाळा दिला आणि मातेस आपल्या जुळ्या मुलींना भेटण्याचा अधिकार दिला. या सर्व तरतुदींचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

तथापि एक उणीव आम्हांस वैद्य म्हणून खटकते. चरकाचार्यांनी गर्भाचे मातृज, पितृज, आत्मज, सात्म्यज, रसज व सत्त्वज असे भाव सांगितले. बीजाच्या ज्या भागात दुष्टी, त्या भागापासून होणाऱ्या अवयवात विकृती, हा त्यांचा सिद्धांत आहे. मधुमेह, अर्श, श्वास यांचा रुग्ण समोर आला की आपण कुलवृत्त विचारतो ते याच कारणाने. दात्याच्या बीजापासून जन्मलेली व्यक्ती पंचवीस-तीस वर्षांची होऊन आपल्यासमोर बसेल, तेव्हा ती पालकांचे कुलवृत्त सांगेल. ते प्रेमाच्या नात्याने खरे असेल. परंतु बीजाच्या दृष्टीने किमान अर्धे चुकीचे असेल. त्यावरून केलेले निदान कितपत विश्वासार्ह?

कायद्यानुसार या उपचारांची माहिती गोपनीय आहे. राष्ट्रीय नोंदणी, वैद्यकीय आणीबाणीत दांपत्याची विनंती आणि न्यायालयाचा आदेश हेच त्यास अपवाद. यात अपत्याचा उल्लेख नाही. गंमत अशी की, ज्या २००५ च्या तत्त्वांना कायद्याचे बळ नव्हते, त्यांनी दात्याची ओळख वगळून इतर माहिती अपत्यास प्रौढपणी मिळावी, असे म्हटले होते. नोंदी दहा वर्षे केंद्रात व पुढे राष्ट्रीय नोंदणीकडे राहावयाच्या आहेत. म्हणजे कागद आहे. ज्याच्या देहाविषयी तो कागद आहे, त्यालाच तो मागण्याचा स्पष्ट अधिकार नाही.

असा अधिकार दिल्यास दाते पुढे येणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासूनच्या दात्यांची ओळखसुद्धा अपत्यास अठराव्या वर्षानंतर मिळण्याची सोय केली. तेथे बीजदान थांबलेले नाही. आम्ही तर एवढेही मागत नाही. आपल्या समाजात ओळख उघड झाल्याने किती घरे मोडतील, याची जाणीव आम्हांस आहे. नाव नको, गाव नको. केवळ दात्याचे आरोग्यवृत्त व कुलवृत्त अपत्यास अठरा वर्षांनंतर मागता यावे, एवढीच दुरुस्ती व्हावी. आपल्या संघटनेने तसे निवेदन केंद्र शासनास द्यावे, अशी आमची सूचना आहे.

तोपर्यंत वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या हाती असलेले करावे. रुग्णास केंद्र सुचविताना त्याचे नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास सांगावे. मध्यस्थ व दलाल यांना थारा देऊ नये. उपचारांचे कागद नीट जपून ठेवण्याचा सल्ला दांपत्यास द्यावा. बीजदानाची गोष्ट कानी आली तर ती चारचौघांत जाऊ देऊ नये. खारेपाटातला शेतकरी भाताचे बियाणे राखताना ते कोणत्या शेतातले, हे विसरत नाही. माणसाच्या बीजाबाबत तेवढी तरी काळजी आपण घ्यावयास हवी.