आधीं लेंडी तपासा, मग औषध पाजा

मृग बरसला कीं मुरुम, उमरगा, लोहारा या बाजूच्या माळांवर हिरवळ फुटते आणि शेळ्यामेंढ्यांचीं पोटें भरूं लागतात. परंतु त्याच ओल्या गवताबरोबर जंतांच्या सूक्ष्म अळ्याही पोटांत जातात, आणि श्रावण-भाद्रपदांत करडें-कोकरें दगावूं लागतात. मग बाजारांतून जंताच्या औषधाची बाटली आणावयाची व सबंध कळपास अंदाजानें पाजावयाची, ही आपली चालत आलेली रीत. ती आतां सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हगवण नाहीं म्हणजे जंत नाहींत, ही समजूत चुकीची आहे. 'हिमॉन्कस' हा अत्यंत घातक जंत चौथ्या पोटांत राहून रक्त पितो. त्यानें बहुधा हगवण लागत नाहीं. जनावर फिकें पडतें, कळपाच्या मागें राहतें, जबड्याखालीं मऊ सूज येते. याची एक मादी दिवसास ५,००० ते १०,००० अंडीं घालते. उलटपक्षीं, लहान करडांची रक्ती हगवण पुष्कळदां 'कॉक्सिडिया' या सूक्ष्म जीवामुळें असते. तीवर जंताचें औषध चालत नाहीं. रोग एक आणि औषध भलतेंच, असा प्रकार होऊन पैसाही जातो व करडूंही जातें.

निदान कठीण नाहीं. खालची पापणी उलटून पाहावी. लाल असल्यास ठीक, पांढरट असल्यास धोका. दक्षिण आफ्रिकेंत तयार झालेल्या 'फमाचा' तक्त्यांत याच्या पांच पायऱ्या रंगांनीं दाखविल्या आहेत. तथापि फिकेपणास दुसरींही कारणें असतात. म्हणून आठ-दहा जनावरांच्या ताज्या लेंड्या त्याच दिवशीं दवाखान्यांत न्याव्या. मिठाच्या संपृक्त पाण्यांत बहुतेक जंतांचीं अंडीं वर तरंगतात व सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतात. यकृतांतील चपट्या कृमीचीं अंडीं मात्र जड असून तळाशीं बसतात. यास्तव कळप तळ्याकांठीं चरत असल्यास तसें डॉक्टरांस आवर्जून सांगावें.

मजुरी बुडवून एवढी यातायात कोणी करावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, वारंवार व अपुरें औषध पाजल्यानें जंतच त्यास दाद देईनासे होतात. भारतांत अनेक ठिकाणीं हें आढळलेलें आहे. शेळीच्या अंगांत कांहीं औषधें मेंढीपेक्षां लवकर जिरतात, म्हणून मेंढीचें माप शेळीस पुरत नाहीं. योग्य माप डॉक्टरांसच विचारावें. औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनीं लेंडी पुन्हां तपासल्यास गुण आला कीं नाहीं, तें कळतें.

प्रत्येकास दवाखाना गांठणें जमणार नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून गांवोगांवच्या सोसायट्यांनीं एक सूक्ष्मदर्शक यंत्र घ्यावें, व दोन तरुणांस लेंडीतपासणी शिकवून घ्यावी. २०२३ सालीं जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें, तरी आपली काळी शेळी देशभर अजून उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. अल्पभूधारकाच्या घरीं तीच अडीनडीची ठेव आहे. ती ठेव अंदाजावर सोंपविणें शहाणपणाचें नव्हे.